रात्री दोन वाजता खाटेजवळ कोण असते?

पावसाळ्याचे दिवस आहेत असे समजा. लावणी करून दमलेली माणसे घरात जमिनीवरच चटई टाकून झोपली आहेत. पहाटे घरातला तरुण मुलगा उठतो आणि पोटात मुरडा येतो म्हणतो. आई ओवा देते. कोणी म्हणते, रात्रीची मासळी बाधली असेल. तासाभरात मुलाच्या पापण्या जड होतात, जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही. अंगावर जखम दिसत नाही, सूज नाही, रक्त नाही. म्हणून सापाचा संशयही कोणाला येत नाही.

ही मण्यार चावल्याची लक्षणे आहेत. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा बहुतेक वेळा दुखतही नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यांना सर्पदंश नवा नाही. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास आयसीएमआरच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला. तो २०१९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत सापाच्या विषाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले.

पण या अंकात आपण सापाबद्दल बोलणार नाही. त्या मुलाला दवाखान्यात नेल्यावर त्याच्या खाटेजवळ जी व्यक्ती उभी असते, तिच्याबद्दल आणि तिच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहोत.

लहान रुग्णालयात रात्री ड्युटीवर बहुतेक एकच डॉक्टर असतो. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत बाळंतीण अडलेली असते, बाहेर महामार्गावरच्या अपघाताचा रुग्ण आलेला असतो. डॉक्टर येतात, तपासतात, सर्पविषावरची लस सुरू करायला सांगतात आणि पुढच्या रुग्णाकडे धावतात. त्यानंतर मुलाजवळ राहते ती सिस्टर. दर काही मिनिटांनी त्याची छाती किती हलते हे ती बघते. 'एका श्वासात आकडे मोज रे' म्हणून त्याला मोजायला लावते. मघाशी तो वीसपर्यंत जात होता आणि आता आठवर थांबला, तर श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत, हे तिला कळले पाहिजे. मान उशीवरून उचलता येते का, हेही ती बघते. यासाठी यंत्र लागत नाही. काय बघायचे आणि ते दिसल्यावर कोणाला किती घाईने हाक मारायची, एवढे मात्र शिकलेले असावे लागते.

सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. पण मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा करून गेले, की लस ती इजा परत भरून काढत नाही. ती टोके शरीर स्वतःच दुरुस्त करते आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस रुग्णाला श्वास पुरवत राहिले, तर तो पूर्ण बरा होऊन स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो. या काळात तो हलत नाही, डोळे उघडत नाही, कधी कधी बाहुल्याही उजेडाला प्रतिसाद देत नाहीत. नातेवाइकांना वाटते, सगळे संपले. प्रत्यक्षात तो आत जागा असतो आणि आजूबाजूचे बोलणे ऐकत असतो. हे माहीत असलेली सिस्टर त्याच्या कानाशी वाकून सांगते, 'घाबरू नकोस, तू बरा होणार आहेस, आता मी तुला कुशीवर वळवते आहे.' तिने रडणाऱ्या आईलाही हे सांगायला हवे. आशा संपली असे समजून घरी नेलेला मण्यारीचा रुग्ण वाटेतच जातो, आणि तो मृत्यू टाळता आला असता.

कोपनहेगनचे विद्यार्थी

अतिदक्षता विभाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची खोली येते, टिकटिक करणारी यंत्रे येतात आणि लाखाचे बिल येते. हा विभाग सुरू कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. रुग्णांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडत होते आणि ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास देणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांजवळ बसले आणि दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. श्वास बंद पडलेल्या रुग्णांपैकी बहुतेक आधी मरत होते, त्यानंतर बहुतेक वाचू लागले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून झाली असे मानतात.

तो हाताने दाबायचा फुगा आज आपल्याकडे लहान दवाखान्यातही असतो. त्याला अँबू बॅग म्हणतात. उणीव असते ती तो नीट दाबणाऱ्या हातांची. मास्क तोंडावर घट्ट बसला नाही तर हवा गालांतून निघून जाते, फार जोरात दाबले तर ती पोटात शिरते आणि उलटी होऊन छातीत उतरते. वापीपर्यंत किंवा सिल्वासापर्यंत रुग्णवाहिका धक्के खात जात असताना तासभर हे नीट करणे सोपे नाही. तलासरीकडचे रुग्ण राज्याची हद्द ओलांडून तिकडे जातात, कारण मुंबई तिथून सव्वाशे किलोमीटरच्याही पुढे आहे. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटरसारखी साधने असलेल्या होत्या. गाडी बोलावताना 'रुग्णाचा श्वास कमी पडतो आहे' हे शब्द स्पष्ट सांगा. कोणती गाडी पाठवायची, हे त्यावर ठरते.

आपल्या कोकणातच याचा एक दाखला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाने दंश केलेली मुले हृदय थकून, छातीत पाणी भरून मरत होती. बावस्करांनी खाटेजवळ बसून बारीक निरीक्षणे केली, प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरून पाहिले आणि ते मृत्यू कितीतरी पटींनी खाली आणले. ना वातानुकूलित विभाग होता, ना मोठी यंत्रे. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते स्वतः डॉक्टर होते, हे खरे. पण दर तासाला नाडी, दाब, श्वास बघून लिहून ठेवण्याचे जे काम त्या उपचारात मोलाचे आहे, ते प्रत्येक रुग्णालयात सिस्टरच करतात.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

अमेरिकेत १९६५ मध्ये दोन नवी शिक्षणे सुरू झाली. कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन परिचारिकांना रुग्ण तपासणे, निदान करणे आणि ठरावीक उपचार करणे शिकवले. त्यांना नर्स प्रॅक्टिशनर म्हणू लागले. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात जखमींची शुश्रूषा करून आलेल्या चार माणसांना घेऊन दुसरा वर्ग सुरू केला. त्यांना फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचे सहायक म्हणतात. या दोघांनी पुढे अतिदक्षता विभागात पाय रोवले, कारण २००३ मध्ये तिथे शिकाऊ डॉक्टरांच्या ड्युटीला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. रात्रीची जागा रिकामी राहू लागली. मग मोठ्या रुग्णालयांनी पदवी झालेल्या या लोकांसाठी अतिदक्षतेचे साधारण वर्षभराचे वेगळे प्रशिक्षण उघडले.

आपल्याकडे फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईत मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला. तो पदवीचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात शेवटी इंटर्नशिप असते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला केंद्रीय कायद्यात जागा दिली. पण फिजिशियन असिस्टंट हा नर्स नसतो, त्याची नोंदणी परिचर्या परिषदेत होत नाही आणि नर्सच्या जागेवर त्याला अर्ज करता येत नाही. बारावीनंतर मुलाला कुठे घालायचे, याचा विचार करणाऱ्या घरांनी हा फरक आधीच समजून घ्यावा. जाहिराती तो नेहमी सांगतातच असे नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्याचा दर्जा एम.एस्सी. नर्सिंगच्या बरोबरीचा आहे, पण रीत वेगळी आहे. नेहमीच्या एम.एस्सी.मध्ये वर्ग, प्रबंध आणि पुढे कॉलेजात शिकवण्याची नोकरी हा रस्ता असतो. या अभ्यासक्रमात २० टक्के वेळ वर्गातला आणि ८० टक्के वेळ खाटेजवळचा असतो. शिकाऊ डॉक्टर जसे रेसिडेन्सी करतात, तशीच ही परिचारिकांची रेसिडेन्सी आहे. पाळ्या असतात, रात्रपाळ्याही असतात आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत करायची असते.

यात शिकायचे काय? आजारात शरीरात नेमके काय बिघडते ते, औषधे शरीरात कशी वागतात ते आणि डोक्यापासून पायापर्यंत रुग्ण तपासणे, हे तीन विषय पाया म्हणून येतात. मग हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू असे एकेक अवयव बंद पडू लागले तर काय करायचे, ते शिकवतात. मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन आणि आम्लता वाचणे, व्हेंटिलेटरचे आकडे रुग्णाप्रमाणे बदलणे, त्याला यंत्रावरून हळूहळू उतरवणे, हृदय थांबले तर चमूचे नेतृत्व करणे ही रोजची कामे होतात. हे वाचून एखाद्या अनुभवी सिस्टर हसतील. 'आम्ही हे वर्षानुवर्षे करतोच आहोत, फक्त आमच्या नावावर नाही.' त्यांचे म्हणणे बरोबर आहे. कोविडच्या काळात कितीतरी वॉर्डांत अशा सिस्टर व्हेंटिलेटरजवळ उभ्या होत्या, ज्यांना तो कोणी रीतसर शिकवलेला नव्हता. पाहून पाहून शिकलेले काम आणि 'का' कळून केलेले काम यांत फरक पडतो तो बिघाड झाल्यावर.

एक उदाहरण देतो. चिकूच्या वाडीत फवारायचे कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण आला. त्याला अ‍ॅट्रोपिन देतात. किती द्यायचे हे कागदावर आधी ठरवता येत नाही. छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी हवी तेवढी वर येईपर्यंत, मिनिटामिनिटाने बघत ते वाढवायचे असते. कमी पडले तर रुग्ण स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडतो, जास्त झाले तर बरळतो, ताप चढतो, नाडी बेफाम धावते. हा तोल रात्रभर कोणी सांभाळायचा? दुसऱ्या वॉर्डात असलेला डॉक्टर तो सांभाळू शकत नाही.

अधिकार किती, जागा किती

आता कडू भाग. नर्स प्रॅक्टिशनर ही स्वतंत्र डॉक्टर नव्हे. रुग्णालयाने लेखी ठरवून दिलेल्या उपचारपद्धतीत, डॉक्टरांच्या जबाबदारीखाली तिने काम करायचे असते. औषधे आणि तपासण्या ती त्याच चौकटीत ठरवते. वस्तीत पाटी लावून इंजेक्शने देण्याचा परवाना हा अभ्यासक्रम देत नाही. कोणी तसे सांगून प्रवेश देत असेल तर तिथून उठावे.

उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. काही बी.ए.एम.एस. असतात, काही परिचारिका. ते काम वेगळे. बीपी, शुगर, गरोदर मातांची तपासणी, साधे आजार हे त्यांचे क्षेत्र. अतिदक्षतेची नर्स प्रॅक्टिशनर मोठ्या रुग्णालयात असते.

आणि हेच आपल्या तालुक्यांचे दुखणे आहे. हा अभ्यासक्रम चालवायला अनेक खाटांचे रुग्णालय आणि चांगला अतिदक्षता विभाग लागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थेत तो चालतो. शिकलेली मुलगी शहरात शिकते, शहरातच नोकरीला लागते. सरकारी भरतीच्या जाहिरातीत अधिपरिचारिका, परिसेविका ही पदे असतात, 'नर्स प्रॅक्टिशनर' हे पद सहसा नसते. म्हणजे दोन वर्षे राबून परत आलेल्या सरकारी सिस्टरला पुन्हा त्याच पदावर, त्याच पगारावर, उद्या कदाचित ओपीडीत केस पेपर लिहायला बसवले जाऊ शकते. अभ्यासक्रम काढायचा आणि पद काढायचे नाही, ही आमच्या मते उलटी गोष्ट झाली.

यावर उपाय आहे, आणि त्याचे बीज नियमांतच आहे. सेवेतील परिचारिकेला या दोन वर्षांत तिचा नेहमीचा पगार मिळावा आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थिनीला त्या रुग्णालयाच्या वेतनरचनेप्रमाणे वेतन मिळावे, अशी तरतूद परिषदेने केलेली आहे. डहाणू, कासा, जव्हार, तलासरी इथल्या रुग्णालयांत आज काम करणाऱ्या सिस्टरांतून दरवर्षी दोघी-तिघींना पगारी पाठवावे, परत आल्यावर त्यांना पद द्यावे आणि त्यांच्या हाताखाली दोन-चार खाटांचा उच्च देखभाल कक्ष ठेवावा. मोठा अतिदक्षता विभाग होईल तेव्हा होईल. मण्यारीच्या त्या मुलाला वापीला नेईपर्यंतचे पहिले दोन-तीन तास तरी त्यांच्या हाती सुरक्षित राहतील. आपल्या भागातले संघटनांचे कार्यकर्ते रुग्णालयात 'डॉक्टर द्या, यंत्र द्या' अशी निवेदने देतात. त्या निवेदनात ही मागणी लिहायला काहीच खर्च येत नाही. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी मंजूर केला आहे. नियम नव्याने बनत असतात तेव्हाच अशी मागणी लावून धरायची असते.

आपल्या मुलींसाठी रस्ता

आता घरातल्या हिशेबाकडे येऊ. बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेऊन झालेली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला जाऊ शकते. चार वर्षे लागतात आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी, मग किमान एक वर्ष रुग्णालयातले काम, शक्यतो अतिदक्षता विभागातले. त्यानंतर नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रवेश परीक्षेला बसता येते. बारावीपासून मोजले तर सात वर्षे. ऐकायला खूप वाटतात, पण चौथ्या वर्षानंतर ती कमावती असते, हे विसरू नका.

जिने जीएनएम केले आहे, तिच्यापुढे दोन वाटा आहेत. दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून वरच्या रस्त्याला लागणे ही एक. दुसरी वाट कमी लोकांना माहीत आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक सिस्टरांना तीच जमण्यासारखी आहे. परिचर्या परिषदेचा अतिदक्षता परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. तोही रेसिडेन्सीच्या पद्धतीचा असून नोंदणीकृत नर्सला वर्षभराच्या अनुभवानंतर करता येतो. जीएनएमलाही करता येतो. त्याने पदवीधर होता येत नाही आणि नर्स प्रॅक्टिशनर म्हणवता येत नाही. पण व्हेंटिलेटर, मॉनिटर, तातडीची औषधे हे सगळे हातात बसते, आणि नोकरीच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात घेतात. एएनएम झालेल्या मुलींना मात्र थेट हा दरवाजा उघडा नाही. त्यांना आधी जीएनएम करावे लागेल.

इथेच एक सावधगिरी. बाजारपेठेत दुकानांच्या वरच्या मजल्यावर 'नर्सिंग', 'आयसीयू असिस्टंट', 'पेशंट केअर' असे सहा महिन्यांचे वर्ग भरतात. पांढरा गणवेश देतात, फोटो काढतात, प्रमाणपत्र देतात. सोने गहाण ठेवून फी भरलेल्या आईला वाटते, मुलगी नर्स झाली. पुढे खाजगी दवाखान्यात ती कमी पगारावर राबते आणि सरकारी भरतीत तिचा अर्ज छाननीतच बाद होतो, कारण परिचर्या परिषदेची नोंदणी तिला मिळूच शकत नाही. असे वर्ग घेणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : हे झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी क्रमांक मिळतो का? लेखी उत्तर मागा. बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

पैशाचे बघू. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते, अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा. उत्पन्न त्याहून थोडे वर गेले तरी शिक्षण शुल्क माफीची वेगळी योजना आहे, ती विचारावी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम बँक खात्यात येते. शेजारच्या पाड्यांवरच्या वारली, कातकरी, मल्हार कोळी मुलींसाठी आदिवासी विकास विभागाच्या योजना आहेत आणि त्याचे प्रकल्प कार्यालय डहाणूतच आहे. आपल्या मुलीचा अर्ज भरायला जाल तेव्हा तिच्या वर्गातल्या त्या मैत्रिणीलाही बरोबर न्या.

दाखल्यांत घरे अडकतात. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षातच करून ठेवा, निकालानंतर धावपळ करून ते वेळेत हाती पडत नाही. मुलगी पुढे केंद्र सरकारच्या संस्थेत किंवा दुसऱ्या राज्यातल्या केंद्रीय रुग्णालयात अर्ज करणार असेल, तर राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही. १९९० च्या अनुसूचित जाती आदेश दुरुस्ती कायद्यानंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळतात. पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला लागतो. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या जुन्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते आजच पेटीतून काढून बघा, आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात जाण्यापूर्वी जवळ ठेवा.

आणखी एक अट मुलीला पहिल्याच वर्षी सांगून ठेवावी. नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंगला एकूण ५५ टक्के गुण लागतात. ते चारही वर्षांचे मिळून मोजतात. पहिल्या वर्षी शरीररचना आणि जीवरसायन हे विषय इंग्रजीतून अंगावर येतात, मराठी माध्यमातल्या मुली तिथे जेमतेम पास होतात आणि 'पुढे बघू' म्हणतात. पुढची तीन वर्षे चांगली गेली तरी ते खालचे गुण सरासरीला ओढत राहतात. वस्तीत कोणी सिस्टर राहत असतील तर त्यांच्याकडे रविवारी दोन तास मुलीला बसवा, हाडांची आणि स्नायूंची नावे तोंडपाठ करून घ्यायला.